तिसऱ्या ब्रशमधला खडा

ओरखडा आधी मला दिसलाच नाही. गाडीच्या मालकाने पुढच्या दारावर बोट ठेवलं आणि ते सावकाश मागच्या दारापर्यंत नेलं. त्या बोटामागोमाग माझी नजर गेली, तेव्हा तो दिसला. केसासारखा बारीक, किंचित वर चढून पुन्हा खाली उतरलेला. त्याच्याखाली तसाच दुसरा, थोडा आखूड. गाडी काळी होती, नवी होती, आणि पाणी निथळून गेल्यावर ती इतकी लखलखत होती की त्या दोन रेघा नसत्या तर आम्ही सगळे तिच्यात उभे दिसलो असतो. तो माणूस आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. त्याने नुसतं विचारलं, "हे काय आहे?" मी गाड्या धुण्याच्या बोगद्याच्या बाहेरच्या टोकाशी फडक्यांची बादली धरून उभा होतो. प्रश्न मला विचारलेला नव्हता. पण लहानपणापासून माझं असं आहे की कुठेही कोणी "हे कोणी केलं?" म्हटलं की माझे कान गरम होतात, केलेलं असो वा नसो. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली तरी मी आपलं दप्तर चाचपायचो. त्यामुळे त्या दिवशी कान गरम झाले याचं मला विशेष काही वाटलं नाही. नेहमीचंच, असं मी स्वतःला म्हणालो आणि बादलीतली फडकी पुन्हा पिळायला लागलो. ती पिळलेलीच होती.

आमच्याकडे गाडी आपोआप धुतली जाते असं पाटीवर लिहिलं आहे आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते खरंही वाटतं. गाडी एका सरकत्या पट्ट्यावर चढते आणि लांबलचक बोगद्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निघते. तोंडाशी एक बाई जोराच्या फवाऱ्याने चिखल आणि वाळू उडवते. पुढे साबणाचा फेस पडतो, आणि त्याच्यापुढे ब्रश. डावीकडे दोन, उजवीकडे दोन आणि छतावरून उतरणारा आडवा एक. ब्रश म्हणायचं, पण त्यांना केस नसतात. फोमच्या बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या असतात, शेकड्यांनी, टोकाला झालरीसारख्या चिरलेल्या. थांबलेल्या असल्या की भिजलेल्या चिंध्यांसारख्या लोंबतात, फिरायला लागल्या की मोठ्या छत्रीसारख्या फुलतात आणि गाडीवर थपथप आपटत जातात. फोम मऊ असतो, पाणी पीत नाही, त्याने रंगाला काही होत नाही. पण दोन पट्ट्यांच्या बेचक्यात, टोकाच्या चिरांत, काय वाटेल ते अडकून बसतं. वाळूचा कण, तारेचा तुकडा, एकदा तर कुणाच्या तरी गाडीवरचं एक पितळी अक्षर. आणि एकदा अडकलं की मग जे मऊ आहे तेच त्याला हातात धरून गाडीमागून गाडीवर फिरवत राहतं. म्हणून रोज सकाळी, पहिली गाडी यायच्या आधी, मेन बंद करून बटणावर "आत माणूस आहे" अशी पाटी अडकवायची आणि मी आत जायचं. ब्रश हाताने फिरवत धुवायचे, मेणाचा आणि तेलाचा चिकट थर सुटावा म्हणून औषध मारायचं, ते मुरू द्यायचं, पुन्हा धुवायचं. फाटकी टोकं कात्रीने कापायची. आणि मग एकेक पट्टी बोटांच्या चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत चाळायची. डोळ्यांना तिथे फारसं काही दिसत नाही. आत अंधार असतो आणि ओला फोम काळपट दिसतो. ते काम बोटांचं आहे.

हे काम मला मिळालं ते मुलामुळे. आमचे मालक माझ्या मुलाच्या वर्गात होते. लहानपणी आमच्या घरी येऊन माझ्या टेबलावरची दौत त्यांनी एकदा सांडली होती आणि मी त्यांना काहीच बोललो नाही, हे त्यांना अजून आठवतं. मी निवृत्त होऊन घरात बसलो आणि सून घरातून काम करू लागल्यावर माझ्या खोकण्याचा तिला अडथळा व्हायला लागला, तेव्हा मुलाने यांच्याकडे शब्द टाकला. मालक म्हणाले, काकांनी आयुष्यभर छापखान्यात प्रूफं तपासली, अशा बारीक नजरेचा माणूस मला हवाच आहे. ते मला तिथे सगळ्यांसमोर काका म्हणतात. बाकीचे चष्म्यामुळे मास्तर म्हणतात, मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नसताना. बारीक नजरेची गोष्ट मी त्यांना नीट समजावून सांगायला हवी होती. प्रूफ तपासताना मला चूक दिसायची, नाही असं नाही, पण तिची खात्री व्हायची नाही. वाटायचं, लेखकाला कदाचित असंच म्हणायचं असेल. मग मी शब्द न बदलता समासात एक लहान प्रश्नचिन्ह काढायचो. पानामागून पान, प्रश्नचिन्हं. जुळारी वैतागून म्हणायचा, साहेब, तुमचं प्रूफ म्हणजे परीक्षेचा पेपर झाला, उत्तरं काय मी लिहायची? आणि तोच लिहायचा. पस्तीस वर्षांत एकही चूक माझ्या नावावर लागली नाही, कारण एकही दुरुस्ती मी माझ्या नावावर केली नाही. निरोपसमारंभात याला नम्रता असं म्हटलं गेलं. मलाही तोवर ती नम्रताच वाटत होती.

काळ्या गाडीच्या मालकाला आमच्या मालकांनी आत नेऊन बसवलं. तो दर आठवड्याला येणारा, त्याच्या कचेरीच्या वीस गाड्या आमच्याकडे येत. काचेतून दोघांची डोकी दिसत होती. बाहेर फवाऱ्यावरची बाई फवारा खाली सोडून कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला सगळे तोफ म्हणतात. फवाऱ्यामुळे म्हणतात की जिभेमुळे, हे नक्की कोणी सांगत नाही. चाळिशीची असेल, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. मला ती सकाळी म्हणायची, मास्तर, गाडीच्या आधी तुम्हीच या फवाऱ्याखाली, डोक्यात फार विचार साचलाय. तिचं घर आमच्या मागच्या गल्लीत आहे. तिची आई सगळं विसरत चालली आहे, तिला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावावं लागतं. दुपारी बारा वाजले की तोफ बूटही न काढता पळत घरी जाते, आईला भरवते, तिला स्वच्छ करते, आणि अर्ध्या तासात परत येते. आई तिला ओळखत नाही. बाई, तुमचे साहेब रागावतील, जा आता, असं म्हणून तीच तिला रोज कामावर पाठवते. हे तोफ हसत हसत सांगते. नोकरी घराजवळ आहे म्हणून हे जमतं, नाहीतर त्या म्हातारीचं काही खरं नव्हतं, असंही ती म्हणते, पण ते हसत हसत नाही.

थोड्या वेळाने काळी गाडी निघून गेली. मग कॅशवरचा मुनीम बाहेर आला आणि मी फडकी वाळत घालत होतो तिथे येऊन मला हळूच म्हणाला की मालकांनी कॅमेरा पाहिला, चूक तोफेची आहे, तिने गाडीवरची वाळू नीट न उडवता ती आत सोडली. गाडीवाल्याने सांगितलंय, ज्याची चूक त्याला काढा, तर गाड्या येत राहतील. संध्याकाळी तिला सांगणार आहेत. मुनीम हे मला का सांगत होता कोण जाणे. कदाचित मी तिथे उभा होतो म्हणूनच. मी म्हणालो, अरेरे. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझे कान अजून गरमच आहेत.

दुपारी ती घरी गेली तेव्हा बोगदा रिकामा होता. मी पाटी अडकवली आणि आत गेलो. सरळ तिसऱ्या ब्रशपाशी गेलो, आतल्या जोडीतला डावीकडचा, हे आता आठवलं की वाटतं, पाय इतके सरळ कसे गेले? माणसाला माहीत नसेल तर तो पहिल्यापासून सुरुवात करतो. मी गुडघ्यावर बसलो, दाराच्या उंचीवरच्या पट्ट्या दोन्ही हातांत गोळा केल्या, मागे वळून पाहिलं, आणि त्यांच्यावर गाल टेकला. ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नव्हती. माझ्या बोटांना कळत नाही. दोन वर्षं होत आली. गरम कप पकडल्याचं कळतं, पण त्यावरची नक्षी कळत नाही. सुरुवातीला मला ते थंडीमुळे वाटलं, मग साबणामुळे, मग मी त्याचा विचार करणं सोडून दिलं. त्याऐवजी मी गालाने तपासू लागलो. गालाला अजून सगळं कळतं. एकेक झुपका गालावरून ओढायचा, थंड, ओला, औषधाच्या वासाचा, आणि बारीकसं काही असेल तर तिथे चुणचुणतं. वेळ लागायचा, पण दोन वर्षांत एकही ओरखडा आला नव्हता. मग आठ दिवसांपूर्वी मालकांनी बोगद्यात कॅमेरा बसवला. वर कोपऱ्यात, लाल ठिपक्याचा. पहिल्या सकाळी मी ब्रशापुढे बसलो आणि तो ठिपका पाहिला, आणि मला डोळ्यांसमोर दिसलं की एक म्हातारा माणूस डोळे मिटून चिंध्यांवर गाल घासतो आहे आणि आत काचेपलीकडे मालक आणि मुनीम ते बघताहेत. त्या दिवसापासून मी पुन्हा बोटांनी तपासायला लागलो. म्हणजे बोटं फिरवायला लागलो. वरपासून खालपर्यंत, एकही पट्टी न सोडता, अगदी मन लावून, आठ दिवस. बोटांना काही लागत नव्हतं आणि मी त्याचा अर्थ काही नाही असा घेत होतो.

गालाला तो लगेच लागला. चिरेच्या मुळाशी रुतून बसला होता. नखाने निघेना, कात्रीच्या टोकाने उकरावा लागला. हरभऱ्याच्या निम्म्याएवढा खडा, एक बाजू धारदार, आणि दुसऱ्या बाजूने राखाडी कवच, फोमला डसलेलं. मी तो दाराशी उजेडात नेऊन पाहिला. ते कवच सिमेंटचं होतं. आदल्या संध्याकाळी शेवटची गाडी बांधकामावरची होती, मागच्या चाकांपाशी ओल्या सिमेंटचे गोळे चिकटलेली. मला ती आठवत होती, कारण ती गेल्यावर जमिनीवरचं पाणी दुधासारखं झालं होतं. त्यातला एक गोळा खड्यासकट ब्रशात गेला आणि रात्रभर तिथे घट्ट झाला. सिमेंट असं सकाळच्या सकाळी दगड होत नाही. म्हणजे काळी गाडी येण्याच्या आधी खडा तिथे होता. म्हणजे मी सकाळी त्या पट्टीवरून बोटं फिरवली तेव्हा तो माझ्या चिमटीतून गेला होता. काळ्या गाडीवर फवारा कसाही मारला असता तरी त्याने काही फरक पडणार नव्हता. हे सगळं मला एका क्षणात, पायरीपायरीने कळलं, आणि कुठल्याच पायरीवर प्रश्नचिन्ह काढायला जागा नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या गोष्टीची पूर्ण खात्री होती.

मी खडा रुमालात बांधला आणि खिशात ठेवला. गालावर जरा झोंबत होतं. आजारी बायकोला मी अडीच वर्षं अंथरुणात स्पंजाने पुसायचो. तिला बाईमाणसाने पुसलेलं चालायचं नाही, नवल म्हणायचं, मीच लागायचो. कोमट पाणी, साबणाचे चार थेंब, आधी चेहरा, मग हात, मग तिला कुशीवर वळवून पाठ. मी सावकाश पुसायचो. तिला वाचलेलं सांगत असायचो. ती ऐकत होती की नाही ठाऊक नाही, पण मध्येच म्हणायची, तुमचं हे 'बहुधा, बहुधा' पुरे, पुस्तकात काय झालं ते सांगा. एके दिवशी नर्स आली, तिने पाठ पाहिली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, रोज कोण पुसतं? मी म्हणालो, मी. ती म्हणाली, इथे कमरेखाली एवढं झालंय, हाताला लागलं नाही तुमच्या? मी वाकून पाहिलं. रुपयाएवढं, कडेने कडक, मधे ओलं. त्याच्यावरून माझा हात रोज गेला होता, किती दिवस कोण जाणे. मी नर्सला म्हणालो की काल बहुधा नसावं. बायको भिंतीकडे तोंड करून होती. त्याबद्दल ती नंतरही कधी बोलली नाही. त्या वेळी मी याला माझा निष्काळजीपणा समजलो, आणि त्यात मला एक प्रकारचं समाधान होतं, कारण निष्काळजीपणा सुधारता येतो. मी आणखी मन लावून पुसायला लागलो. बोटांचं मला पुष्कळ नंतर कळलं. की तेव्हाच कळलं होतं? स्पंज पिळताना पाणी कोमट आहे की गार, हे मी मनगटाने बघत होतो, ते कधीपासून?

तोफ बारा पस्तीसला परत आली. बुटांवर भाताची शितं होती. तिला अजून काही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तिने तसं दाखवलं नाही. दुपारभर गाड्या येत राहिल्या. दर गाडीमागे मी ठरवायचो की ही बाहेर पडली की जायचं. मालकांच्या खोलीचं दार बोगद्याच्या टोकापासून वीस पावलांवर आहे. वाक्यं मी तयार केली होती. तीन लहान वाक्यं. सिमेंट कालचं आहे. सकाळी खडा माझ्या हाताखालून गेला. माझ्या बोटांना कळत नाही. त्यांच्यात कुठे स्वल्पविरामसुद्धा लागत नव्हता. पण एकेक गाडी पुसून होता होता ती माझ्या मनात लांबायला लागली, त्यांना पोटवाक्यं फुटली. आणि त्या पोटवाक्यांच्या पलीकडे मला माझी खोली दिसत होती, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, दाराशी सुनेचा दबका आवाज, बाबा जरा खोकला आवरता का, मीटिंग आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मला तिथे परत जायचं नव्हतं. एवढंच होतं ते. हे काही मोठं कारण नव्हे, पण माझं तेवढंच होतं.

साडेचारला मी गेलो. मालक उभे राहिले, मी आलो की ते नेहमी उभे राहतात, आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. मी रुमाल सोडून खडा टेबलावर ठेवला आणि तो तिसऱ्या ब्रशमध्ये मिळाला असं सांगितलं. त्यांनी तो उचलून पाहिला. म्हणाले, बघा, म्हणजे माझं बरोबरच निघालं. हा आला कुठून, तर गाडीवरून. तिने नीट उडवला असता तर आत गेलाच नसता.

"सकाळी माझ्याकडूनही राहिला असेल," मी म्हणालो. "बहुधा."

"बहुधा म्हणजे?"

"म्हणजे, तशी शक्यता आहे."

"काका, नक्की सांगा. राहिला का तुमच्याकडून?"

ते खरोखर विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती, मी हो म्हटलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. खडा टेबलावर सिमेंटची बाजू वर करून पडला होता. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं की मी म्हणतो आहे, "तसं नक्की कसं सांगणार."

मालक हसले. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि सकाळचं चित्र लावलं. बोगद्यात मी बसलो होतो, पाठ वाकलेली, आणि माझी बोटं पट्टीमागून पट्टी चाळत होती. एकही सुटत नव्हती. इतकं निगुतीने चाललेलं काम मी क्वचितच पाहिलं आहे. क्षणभर मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. मग त्यांनी दुसरं चित्र लावलं. काळी गाडी तोंडाशी, तोफ फवारा मारते आहे, आणि मधेच पाठ फिरवून गल्लीकडे बघते. घराकडे. चार सेकंद. फवारा चालूच होता, पण तिची पाठ होती. मालक म्हणाले, दोन्ही बघितलंत ना? आता तुम्हीच सांगा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुमचं मन मोठं आहे. पण दुसऱ्याचं असं अंगावर घेऊ नका," ते म्हणाले, आणि तो खडा त्यांनी सहज कचऱ्याच्या टोपलीत टाकला. टोपलीत कागद होते, त्यामुळे आवाजही झाला नाही. बाहेर आलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, चांगलंच हलकं वाटत होतं. सांगून तर झालं होतं. ऐकून घेतलं नाही, त्याला मी काय करणार, असं मी स्वतःशी म्हणालो, आणि वीस पावलं चालून होईपर्यंत ते पुरलंही.

साडेपाचला बोगदा बंद झाला. कपडे बदलायच्या खोलीत एक बाक आहे आणि भिंतीला खुंट्या. मी बाकावर बसून बूट काढत होतो, तेव्हा तोफ आली. रुमाल डोक्यावरून सोडलेला होता. केस इतके पांढरे असतील असं मला वाटलं नव्हतं. तिने पिशवीतून एक छापील कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. मालकांनी तिला सांगितलं होतं, हे तिने एका वाक्यात उरकलं. एका हॉटेलच्या लाँड्रीत जागा आहे म्हणे, चादरी धुवायची, मुनिमाच्या ओळखीने हा फॉर्म मिळाला, उद्या सकाळी द्यायचा आहे. तुमचं अक्षर चांगलं आहे, भरून द्या. मी पेन काढलं. हॉटेल कुठे आहे विचारलं. दोन बस बदलून जावं लागेल, ती म्हणाली. मी आईचं विचारलं. ती खाली बसून बुटात अडकलेला मोजा ओढत होती. म्हणाली, सकाळी सातला कुलूप, संध्याकाळी सातला उघडायचं. दुपारचं झाकून ठेवेन. आठवलं तर खाईल.

नाव तिने सांगितलं, मी लिहिलं. तीन वर्षांत ते मला तेव्हाच कळलं. मग वय, पत्ता, शिक्षण चौथी.

"मालक म्हणाले, मास्तर तुझ्यासाठी भांडायला आले होते," ती म्हणाली.

"भांडलो नाही मी."

"ते कळलंच मला. तुम्ही कसले भांडताय."

मी पेन थांबवलं. मग म्हणालो, "ताई, चूक माझी आहे. खडा कालचा होता. माझ्या बोटांना कळत नाही, दोन वर्षं झाली." तीनही वाक्यं आली, सरळ, एकापाठोपाठ, दुपारी तयार केली होती तितकीच लहान. तिने मोजा ओढून काढला आणि पिळून खुंटीवर टाकला.

"माहितेय," ती म्हणाली. "गाल लावता ते बघितलंय मी. कॅमेरा आल्यापासून बंद केलंत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कोण ऐकणार? कॅमेऱ्यात तुम्ही तांदूळ निवडत असल्यासारखे दिसता, आणि मी पाठ फिरवलेली." तिने दुसरा बूट ओढायला घेतला. "आणि म्हटलं, तुम्ही सांगाल."

मी उठायला लागलो. आत्ता जाऊन सांगतो, असं मी म्हणालो, आणि ते मी खरंच म्हणालो. अर्धा उठलोही होतो, एका पायात बूट. ती म्हणाली, बसा आता. मालकांनी गाडीवाल्याला फोन करून कळवलंय, बाई काढली म्हणून. तुम्ही गेलात तर आणखी एक जाईल, मी काही परत येत नाही. तिच्या आवाजात राग असता तर मी गेलो असतो, असं मला वाटतं. पण ती नुसती हिशेब सांगितल्यासारखी बोलत होती, आणि खाली बाक होता, आणि मी बसलो. बसताना जरासुद्धा वेळ लागला नाही. तिने ते पाहिलं. मग तिने फॉर्मवरच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. आधीची नोकरी सोडण्याचे कारण. त्यापुढे बोटभर मोकळी जागा.

मी लिहिलं, दुसऱ्याच्या चुकीमुळे काढले. स्वच्छ, ठळक, मला येतं तितक्या चांगल्या अक्षरात. तिने कागद घेतला, ओठ हलवत एकेक शब्द वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला. "हे नको. सगळे हेच सांगतात. दुसऱ्याची चूक म्हणणाऱ्याला कोण कामावर घेतं? खोडा ते. घरगुती कारण लिहा."

मी त्या शब्दांवरून एक रेघ ओढली.

"अजून वाचता येतंय," ती म्हणाली.

मी दुसरी ओढली, मग तिसरी, मग आडव्यावर उभ्या, कागद फाटेल की काय असं वाटेपर्यंत. तिथे एक निळा चौकोन झाला. त्याच्या कडेला उरलेल्या जागेत मी बारीक अक्षरात घरगुती कारण असं लिहिलं. तिने कागद उचलला, खोलीतल्या दिव्यासमोर धरला, आणि मागून काही दिसतंय का ते बराच वेळ पाहिलं.

"आता ठीक आहे," ती म्हणाली.